तारू फुटलेला माणूस आणि त्याची भाषा
(अरबी, इंग्रजी व कोकणी कथांचा तौलनिक विचार)

इंग्रजीत 'कास्टअवे' असा एक सुटसुटीत शब्द आहे. गलबत फुटून अनोळखी किनाऱ्यावर पडलेल्या माणसास तो लावतात, आणि अशा माणसांच्या कथांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पून त्यांचा अभ्यासही करतात. मराठीत ह्या अर्थाचा एकेरी शब्द रूढ नाही. आपण 'तारू फुटले' म्हणतो, 'वाहून आला' म्हणतो, 'किनाऱ्याला लागला' म्हणतो. असा शब्द नसला की ती उणीव समजून तत्काळ एखादा संस्कृत शब्द घडवावयाचा, ही आपल्याकडील विद्वानांची रीत आहे. येथे ती घाई करण्यापूर्वी दोन भाषांच्या दृष्टीतील भेद न्याहाळणे अधिक फलदायी होईल. इंग्रजी शब्दाचा अर्थ 'फेकला गेलेला' असा आहे. त्यात बोलणारा जहाजाच्या, म्हणजे सुटलेल्या जगाच्या बाजूने बोलतो. उलट 'वाहून आला' ह्यातील 'आला' हे क्रियापद किनाऱ्यावर उभे असलेल्या माणसाचे आहे. समुद्राने काय नेले ह्यापेक्षा समुद्राने काय आणून दिले, ह्याकडे त्याचे लक्ष आहे.

ह्या भेदाचा उपयोग करून तीन परंपरांतील कथा तपासून पाहाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. ह्या कथांची तुलना आजवर बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे: डॅनियल डीफोने 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिण्यापूर्वी इब्न तुफैलाचा 'हय्य इब्न यक्झान' वाचला होता काय? प्रश्न कुतूहलाचा आहे, आणि त्याची चौकटही भक्कम आहे. एडवर्ड पोकॉक ह्या तरुण पंडिताने मूळ अरबी संहितेसह लॅटिन भाषांतर ऑक्सफर्ड येथे १६७१ मध्ये छापविले. सायमन ऑकलीने थेट अरबीवरून केलेले इंग्रजी भाषांतर १७०८ मध्ये निघाले. आणि 'क्रूसो' १७१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की ऋण सिद्ध झाले असे मानण्याचा मोह होतो. परंतु डीफोने ते पुस्तक वाचल्याचा निर्णायक पुरावा नाही. आणि तो उद्या सापडला, तरी दोन्ही कृतींत एकच बेट आहे ह्यापलीकडे आपल्याला फारसे काही कळणार नाही. ऋणाचा हिशेब मांडताना कथा मुळात काय सांगते हे पाहावयाचे राहून जाते. म्हणून येथे दुसरा प्रश्न विचारावयाचा आहे. तारू फुटल्यावर माणसाजवळ भाषा उरते काय? उरली तर ती कोणाची? आणि तो जिला लागला त्या किनाऱ्याची भाषा त्याच्याकडे कोणत्या वाटेने येते?

इब्न तुफैल हा बाराव्या शतकातील आंदलुसी वैद्य व तत्त्वज्ञ. ग्रनाडाजवळच्या वादी आश गावचा. अल्मोहाद खलिफा अबू याकूब यूसुफ ह्याचा तो राजवैद्य होता; इब्न रुश्दास खलिफाच्या दरबारी त्यानेच पुढे आणले; ११८५ मध्ये मार्राकेश येथे तो वारला. त्याच्या कथानायकाच्या नावाचा अर्थ 'जागृताचा पुत्र जिवंत' असा होतो. हे नाव त्याने इब्न सीनाच्या एका रूपककथेतून उचलले. कथा मात्र त्याची स्वतःची आहे. मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे हय्यचे बेट विषुववृत्ताखालील 'हिंद'च्या बेटांपैकी एक आहे. आंदलुसमधील तत्त्वज्ञाला संपूर्ण एकांत हवा होता, तो त्याने आपल्या समुद्रात शोधला.

हय्यच्या जन्माच्या दोन हकीकती ग्रंथकार शेजारीशेजारी ठेवतो. एकीत तो समशीतोष्ण भूमीत आंबलेल्या मातीतून आपोआप निर्माण होतो. दुसरीत शेजारच्या बेटावरील राजाच्या बहिणीने गुप्त विवाहातून झालेले आपले मूल पेटीत घालून समुद्रात सोडले, ते भरतीने ह्या बेटावर आणले. दोन्हींत पुढची गोष्ट एकच: पाडस गमावलेली एक हरिणी त्याचे रडणे ऐकते आणि त्याला दूध पाजून वाढविते. ह्यानंतरचे त्याचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांनी सांगितले आहे. हरिणी मरते, तेव्हा तिच्यातून नाहीसे झालेले काय असावे हे शोधण्यासाठी तो तिचे शरीर चिरून हृदयापर्यंत पोहोचतो. तेथून अग्नी, प्राण, ताऱ्यांच्या गती, आणि अखेर पस्तिशीच्या सुमारास सर्व अस्तित्वाचे आदिकारण, असा त्याच्या बुद्धीचा प्रवास आहे. आणि हे सारे एका शब्दाविना घडते.

'एका शब्दाविना' हे विधान मात्र जपून करावयास हवे. ग्रंथकार सांगतो की लहानगा हय्य हरिणांच्या आवाजांची नक्कल करी, आणि त्यांत मदतीसाठी, जवळिकीसाठी, बोलावण्यासाठी व दूर सारण्यासाठी असलेले आवाज निरनिराळे ओळखी. म्हणजे मानवी भाषा त्याला नव्हती, पण आपल्या आईची बोली होती. हय्यवर लिहिणारे ह्या तपशिलावरून सहसा घाईने पुढे जातात; माझ्या मते कथेतील भाषाविचाराचे ते बीज आहे. हय्यचे पहिले ज्ञान हे आवाजाच्या हेतूचे ज्ञान आहे, आणि ते त्याला पाजणारीकडून मिळाले आहे. त्यावर उभारलेली पुढची सगळी तत्त्वज्ञानाची इमारत भाषेस वगळते.

आता अबसालाचा प्रसंग पाहा. हय्य पन्नाशीचा झाला असता शेजारच्या वस्तीच्या बेटावरून अबसाल हा भाविक एकांतासाठी येथे येतो. धर्मवचनांचे गूढार्थ उकलण्याच्या छंदापायी त्याने पुष्कळ भाषा शिकून ठेवल्या होत्या. येत असलेली प्रत्येक भाषा तो हय्यवर वापरून पाहतो. एकही लागू पडत नाही. मग तो वस्तूंकडे बोट दाखवून नावे उच्चारतो, हय्यकडून ती म्हणवून घेतो, आणि थोड्याच काळात हय्य बोलू लागतो. आजच्या भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हे अशक्यप्राय होय. एरिक लेनेबर्गने १९६७ च्या आपल्या ग्रंथात भाषासंपादनाला अनुकूल अशा वयाची मर्यादा मांडली. त्या मर्यादेच्या नेमकेपणाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला असला, तरी पन्नासाव्या वर्षी पहिलीच मानवी भाषा सहज आत्मसात होईल असे कोणी म्हणणार नाही. अकबराने तान्ह्या मुलांना न बोलणाऱ्या दायांजवळ ठेवून केलेल्या प्रयोगाची हकीकत अबुल फजलाने नोंदविली आहे; ती मुले मुकीच राहिली. तथापि इब्न तुफैलावर हा आक्षेप घेणे म्हणजे त्याचे म्हणणे न ऐकणे होय. हय्यला भाषा सहज येते, कारण त्याच्या मते ती ज्ञानाच्या मानाने गौण वस्तू आहे: तयार विचारावर चिकटविलेल्या नावांची यादी. जो ईश्वरापर्यंत पोहोचला त्याला नावे पाठ करणे ते काय अवघड?

अवघड आहे ते पुढचेच. अबसालाबरोबर वस्तीच्या बेटावर जाऊन हय्य तेथल्या लोकांना आपण पाहिलेले सत्य सांगू लागतो. ऐकणारे आधी आदराने ऐकतात, मग अस्वस्थ होतात, मग तोंड फिरवितात. शेवटी तो त्यांची क्षमा मागतो, परंपरेला धरून राहा असे सांगतो आणि अबसालासह आपल्या निर्जन बेटावर परततो. बोट दाखवून शिकलेल्या भाषेत वस्तूंची नावे होती. लोकांमध्ये वाढल्याने भाषेला येणारा भार, आठवणी, लाज, संकेत ह्यांपैकी काही नव्हते. इब्न तुफैलाने दोष लोकांच्या बुद्धीला दिला आहे. कथेने मात्र तो भाषेत दाखविला आहे, आणि ग्रंथकारापेक्षा त्याची कथा येथे अधिक शहाणी ठरते असे मला वाटते.

क्रूसोची अवस्था नेमकी उलटी. त्याला किनाऱ्याने काही द्यावयाचे नाही, कारण तो सर्व काही घेऊन उतरला आहे. फुटलेल्या जहाजावर पुनःपुन्हा जाऊन तो हत्यारे, दारू, धान्य, बंदुका आणतो; आणि त्यांबरोबर कागद, लेखण्या, शाई व बायबलच्या प्रतीही. तो रोजनिशी लिहितो. ती थांबते ती एकांताने वाचा गेल्यामुळे नव्हे, शाई संपत आल्यामुळे! भाषा ही त्याच्या मालमत्तेतील एक बाब आहे, आणि इतर बाबींप्रमाणे तिचाही साठा मोजला जातो.

ह्यातील कृत्रिमता उघड करणारा साक्षीदार डीफोच्या काळीच हजर होता. अलेक्झांडर सेलकर्क हा खलाशी हुआन फेर्नांदेस द्वीपसमूहातील एका बेटावर १७०४ पासून चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला. १७०९ मध्ये त्याला सोडवून आणणाऱ्या वूड्स रॉजर्सने १७१२ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे की वापराअभावी हा माणूस आपली भाषा इतकी विसरला होता की शब्द अर्धेमुर्धेच उच्चारी आणि ते समजणे कठीण जाई. चार वर्षांत हे घडले. क्रूसो अठ्ठावीस वर्षे बेटावर राहतो. त्यांतली पहिली चोवीस माणसाच्या आवाजाविना जातात. आणि त्याचे एकही वाक्य अर्धवट होत नाही. डीफोला सेलकर्कची हकीकत ठाऊक नसणे जवळजवळ असंभव होते. भाषा झिजते ही गोष्ट त्याने वगळली, कारण भाषा झिजली असती तर निवेदकच उरला नसता, आणि निवेदक गेला की मालकही गेला.

क्रूसोच्या बेटावर दुसरा आवाज प्रथम निघतो तो पोपटाचा. आपल्याच नावाची कीव करणारे शब्द त्याने त्या पक्ष्यास पढविले आहेत. पुढे फ्रायडे येतो. त्याचे शब्द पहिल्याने ऐकताना क्रूसोला ते समजत नाहीत, पण पंचवीस वर्षांनंतर ऐकलेला तो माणसाचा आवाज त्याला गोड लागतो. कादंबरीतील हे एक अत्यंत मानवी वाक्य आहे, आणि त्याच्या मागोमाग जे येते त्याने ते पुसून जाते. क्रूसो त्याचे नाव विचारीत नाही, त्याला एका वाराचे नाव देतो. आपले नाव सांगत नाही, 'मालक' हा शब्द शिकवितो. मग 'होय' आणि 'नाही'. त्याची भाषा शिकण्याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. अबसालाने आपल्या सर्व भाषा ओंजळीत धरून हय्यपुढे केल्या होत्या, हे येथे आठवते. आणि तरी फ्रायडेच्या मोडक्या इंग्रजीतूनच पुस्तकातील सर्वांत अवघड प्रश्न येतो: देव सैतानाहून बलवान असेल तर तो त्याला मारून का टाकीत नाही? क्रूसो ऐकू न आल्याचे सोंग करतो. रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये मुलाच्या हाती द्यावयाचे पहिले पुस्तक म्हणून 'क्रूसो'ची निवड केली, ती हातांनी काम करणाऱ्या स्वावलंबी माणसासाठी. भाषेच्या बाबतीत तो मुळीच स्वावलंबी नाही, केवळ साठेबाज आहे.

हय्य आणि क्रूसो ह्या दोघांनाही किनारा रिकामा मिळाला. पण अरबी परंपरेची दर्यावर्दी कथा हय्यपाशी संपत नाही. तिचा मोठा प्रवाह व्यापाऱ्यांच्या आणि नाखुदांच्या गोष्टींचा आहे, आणि त्यांत किनारा सहसा वसलेला असतो. सिंदबाद हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या आणि विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले ह्यांनी पुरे केलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'नी तो मराठी घरांत आणला. (शीर्षक अरबी भाषेचे असले तरी भाषांतर इंग्रजीवरून झालेले आहे, ही गोष्टही आपल्या वाङ्मयेतिहासात लक्षात ठेवण्यासारखी.) सिंदबादचे तारू सात वेळा संकटात सापडते, आणि बहुतेक वेळा त्याला कोणी तरी भेटतो, खाऊ घालतो आणि हकीकत विचारतो. पहिल्याच सफरीत तो ज्या राजाकडे पोहोचतो त्याचे नाव 'मिहराज' ह्या अंगाचे आहे, म्हणजे आपला 'महाराज'. बगदादच्या व्यापाऱ्याला किनाऱ्यावर भेटतो तो असा भारतीय शब्द.

ह्या वाङ्मयाचा एक धागा सरळ आपल्या जिल्ह्यात येतो. रामहुर्मुझच्या बुजुर्ग इब्न शहरियार ह्या नाखुदाच्या नावावर चालत आलेल्या 'अजाइब अल्-हिंद' ह्या दहाव्या शतकातील अरबी संग्रहात सैमूर बंदराचे नाव वारंवार येते. सैमूर म्हणजे अलिबाग तालुक्यातील चौल. त्यातील एक हकीकत अशी: हिजरी ३०६ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१८-१९ च्या सुमारास, सिराफहून सैमूरकडे तीन मोठी जहाजे निघाली, त्यांवर व्यापारी, खलाशी मिळून बाराशे माणसे होती. अकरा दिवसांनी सिंदान, ठाणे आणि सैमूर ह्यांच्या किनाऱ्याची चिन्हे दिसू लागली, आणि तेव्हा वादळाने त्यांना गाठले. फार थोडे लोक होडीतून वाचले. त्या नुकसानीने सिराफ आणि सैमूर दोन्ही बंदरे खालावली, असे निवेदक म्हणतो. येथे बेट नाही, एकांत नाही, चिंतनही नाही. आहे तो हिशेब, आणि जहाजांच्या मालकांची नावे. पण बुडालेल्या माणसांना ओळखणारे लोक किनाऱ्यावर होते. अल्-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये सैमूरला आला होता. तेथे दहा हजारांच्या जवळपास मुसलमान राहतात असे तो लिहितो, आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्यांखेरीज हिंदभूमीत जन्मलेल्यांचा 'बयासिरा' असा निराळा उल्लेख करतो. हा शब्द पुढे उपयोगी पडणार आहे.

ह्या दळणवळणाच्या खुणा कोळ्याच्या तोंडी अजून आहेत. बुजुर्गाची पदवी 'नाखुदा', आणि आपला 'नाखवा' हे एकाच शब्दाचे दोन उच्चार. उलट दिशेने पाहिले तर 'अजाइब'मध्ये लहान होडीला 'दुनीज' म्हटले आहे, तो आपल्या 'डोणी'चा सगोत्र. जहाज मोठे असताना शब्द फारसी आहे. ते फुटल्यावर जीव वाचविणाऱ्या होडीचा शब्द ह्या किनाऱ्याकडचा आहे. हा योगायोग असेल. पण नोंद करण्याजोगा.

आता ज्या कथा आपण वाङ्मय म्हणून वाचतच नाही त्यांच्याकडे वळू. त्यांना आपण दंतकथा म्हणतो, गॅझेटियरमध्ये ठेवतो, आणि खऱ्या की खोट्या एवढेच विचारतो.

'अजाइब'मधील सिंदान म्हणजे संजाण. पारशांच्या आगमनाची कथा सांगणारे 'किस्सा-ए-संजान' हे फारसी काव्य नवसारीच्या बहमन कैकोबादाने १५९९-१६०० च्या सुमारास रचले. त्यात जहाज फुटत नाही, पण वादळात सापडते, आणि नवस बोलल्यावर किनाऱ्याला लागते. तेथील राजा जादी राणा आश्रय देण्यापूर्वी काही अटी घालतो, आणि त्यांत एक अशी की ह्या लोकांनी आपली भाषा सोडून ह्या देशाची भाषा बोलावी. (दुधात साखर विरघळविण्याची लोकप्रिय गोष्ट मूळ काव्यात नाही, ही अट आहे.) अरबी आणि इंग्रजी कथेत भाषा ही ज्ञानाची किंवा मालकीची बाब होती. येथे ती किनाऱ्याने मागितलेले भाडे आहे. आणि हा किनारा भाडे घेतो तसे देतोही: चिंचणी येथे सापडलेल्या ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी दिसतो. त्याचे नाव 'मधुमति' असे आहे. ते 'मुहम्मद'चे संस्कृत रूप होय. त्याने लोकांसाठी मोफत तरी आणि अन्नछत्र चालविले.

किनाऱ्याच्या ह्या हक्काला राजकीय अंगही होते. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनने इंग्रजांच्या वतीने जी कलमे मांडली, त्यांत फुटून किनाऱ्यावर आलेल्या इंग्रज जहाजांचा माल परत मिळावा असे एक होते. तसे करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, अशी हरकत शिवाजी महाराजांच्या दरबाराने प्रथम घेतली. पंचेचाळीस वर्षांनी छापलेल्या 'क्रूसो'त फुटल्या जहाजाचा सारा माल वाचलेल्या माणसाचा होतो, कारण तेथे विचारणारे कोणी नाही.

आणि नवगाव. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, छळाला कंटाळून गॅलिलीकडून निघाले, आणि अलिबागजवळ नवगावापाशी त्यांचे तारू फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते वाहून आली ती नवगावास पुरली. सामान आणि ग्रंथ समुद्रात गेले. उरले ते 'शेमा' ह्या प्रार्थनेचे शब्द, शब्बाथ, सुंता, आणि खवले व पर असलेलाच मासा खाण्याचा नियम. हे लोक तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' झाले. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू आला आणि ह्या खुणांवरून त्याने त्यांना ओळखले. हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापलेल्या इतिहासात ही परंपरा विस्ताराने आली आहे. केहिमकर म्हणजे किहीमचे. रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावेही अशीच किनाऱ्याने दिलेली.

क्रूसोच्या तुलनेत पाहिले तर ही कथा त्याचे नेमके उलटे चित्र आहे. त्याची माणसे बुडाली आणि माल वाचला. येथे माल बुडाला आणि माणसे वाचली. त्याची पुस्तके वाचली, ह्यांची गेली. हय्यपाशी भाषा नव्हती, क्रूसोपाशी पूर्ण होती. ह्यांच्यापाशी एका प्रार्थनेपुरती उरली, आणि बाकी सर्व मराठीने भरून आले. कसे भरून आले ते सणांच्या नावांवरून दिसते. नववर्षाचा सण तो 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताचा दिवस तो 'दारफाळणीचा सण', पुरीम तो 'होळीचा सण'. शिवाय एक 'खिरीचा सण' आहे. उपवासाला 'रोजा' म्हणत, एका उपवासाच्या महिन्याला 'रमजान'. धर्मनिर्णय देणारा तो 'काजी'. आणि सिनेगॉगला 'मशीद'. मुंबईतील १७९६ चे सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले, आणि मशीद बंदर हे स्थानकाचे नाव त्यावरूनच आले. १८४९ मध्ये बांधलेले पनवेलचे 'बेथ एल' विचुंब्यासारख्या आसपासच्या गावांहून फार दूर नाही. तेही ह्याच शब्दसंपत्तीचे. एका ज्यू समाजाला आपल्या प्रार्थनास्थळासाठी अरबी शब्द मिळाला, तो मराठी किनाऱ्याच्या हातून. 'अजाइब'च्या खलाशांनी आणि त्यांच्या नंतरच्यांनी जे ह्या किनाऱ्यावर ठेवले, ते येथे तिसऱ्याच्या उपयोगी पडले. अरबी परंपरेचा कोकणातील प्रभाव शोधावयाचा तर तो मला अनुवादांपेक्षा अशा ठिकाणी अधिक दिसतो.

परंतु ह्या कथेकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. सात पुरुष आणि सात स्त्रिया, हा आकडा कशासाठी? हिशेब इतका नेमका का? कारण जोडपी पुरी असली की किनाऱ्यावरच्या कोणाशी सोयरीक करण्याची गरज उरत नाही. चित्पावनांच्या उत्पत्तीची जी लोकप्रिय कथा आहे, तिच्यातही वाहून आलेली प्रेते चौदाच आहेत. परशुराम त्यांना चितेवर शुद्ध करून जिवंत करतो. दोन कथांतील साम्य पुष्कळांनी दाखविले आहे, आणि त्यावरून दोन समाजांच्या नात्याचे तर्कही झाले आहेत. ते सोडून देऊ. कथेच्या दृष्टीने भेद महत्त्वाचा आहे. प्रेते पुन्हा जिवंत होतात तेव्हा त्यांना मागचे काही आठवत नाही. ती भाषेविना, जवळजवळ हय्यसारखी, किनाऱ्यावर नव्याने जन्मतात, आणि म्हणून त्यांच्या मराठीचे कारण द्यावे लागत नाही. नवगावच्या चौदांना आठवते. त्यामुळे त्यांच्या कथेत एक फट राहिली आहे: ह्यांच्या मुलांना मराठी कोणी शिकविली?

भाषा हवेतून येत नाही. पहिली भाषा मुलाला त्याला वाढविणाऱ्यांकडून येते. म्हणूनच तिला मातृभाषा म्हणतात, आणि हा शब्द अलंकारिक नाही. सातही माता समुद्रापलीकडच्या असतील, तर दोन-तीन पिढ्यांत घरातली भाषा, स्वयंपाक, सणांची नावे इतकी संपूर्णपणे ह्या किनाऱ्याची होणे केवळ बाजारातल्या व्यवहाराने कठीण दिसते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ह्या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा मोठा वाटा आढळला, आणि ज्यू वाटा पित्यांच्या बाजूने अधिक होता. त्या अभ्यासाची वाट न पाहताही हे शब्दांवरून सुचावयास हवे होते. 'दारफाळणी' हा शब्द ज्या घरात घडला त्या घरात कोणी तरी मराठीतच लहानाची मोठी झालेली बाई होती. कथेने तिला वगळले. समाजातच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद पुढे बराच काळ चालला, त्यात ती अनुच्चारित राहिली. चौलच्या अरबांनी निदान येथे जन्मलेल्यांसाठी एक शब्द ठेवला होता.

हा केवळ एका समाजाच्या दंतकथेचा दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. तिन्ही परंपरांत तारू फुटलेल्या माणसाला आई द्यावयाची की नाही, ह्यावर कथेची सारी भाषादृष्टी अवलंबून आहे. क्रूसोच्या बेटावर स्त्रीच नाही. तेथे भाषा आज्ञा होऊन बसते. हय्यला हरिणी आहे; ती मेल्यावर तो तिचे हृदय उघडतो, तिने शिकविलेल्या आवाजांचा मात्र ग्रंथकाराला पुढे विसर पडतो. नवगावच्या कथेने आई समुद्रापलीकडची ठरविली आणि तिची मुले मराठीत बोलू लागली. तिन्हींत ही शेवटची मला सर्वांत श्रीमंत वाटते, कारण तिची फट उघडी राहिली आहे आणि ती भाषेनेच उघडी ठेवली आहे. तत्त्वज्ञानी आणि कादंबरीकार ह्यांना आपापल्या फटी बुजविता आल्या.

१९४८ नंतर ह्या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथून ते मराठीत नियतकालिक काढीत आले, आणि त्याचे नाव 'मायबोली' आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ह्या समाजाने रचलेली मराठी कीर्तने, त्यांतील हिब्रू व मराठी शब्दांची मांडणी, आणि विशेषतः स्त्रियांच्या तोंडी टिकलेली गाणी ह्यांत नवगावच्या कथेची कोणती रूपे येतात, स्त्रियांच्या गाण्यांत वाचलेल्यांचा आकडा चौदाच राहतो की बदलतो, हे पाहणे आता अगत्याचे आहे. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.